‘म्हणे’ नसलेली प्रतिमा : मानवत खून-खटल्याच्या चित्ररूपांविषयी

मानवतच्या खुनांची हकिकत मी प्रथम ऐकली ती तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका गावी, आजीच्या तोंडून. मानवत आमच्यापासून दूर, परभणी जिल्ह्यात. पण निजामाच्या राज्यातले मागासलेपण आणि बाहत्तरचा दुष्काळ हे दोन्ही जिल्ह्यांनी सारखेच भोगलेले असल्याने त्या हकिकतीला आमच्याकडे परकेपणा नव्हता. पिंपळाखाली सोन्याचा हंडा होता म्हणे. त्या पिंपळावर मुंजा होता म्हणे. त्याला कोवळ्या पोरींचे रक्त लागत होते म्हणे. आजीचे जवळजवळ प्रत्येक वाक्य या एका शब्दावर येऊन टेकत असे. त्या वयात तो शब्द नुसता लयीचा भाग वाटायचा. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने कथनमीमांसेशी संबंध आल्यावर ध्यानात आले, की आजीच्या त्या कथनातील सर्वांत जबाबदार शब्द तोच होता.

‘सोनी लिव्ह’ या वाहिनीवरून ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसृत झालेली ‘मानवत मर्डर्स’ ही आठ भागांची मराठी मालिका एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी आवडीने पाहिली, आणि तिच्यावर वर्गात चर्चाही झाली. ‘आत्मपॅम्फ्लेट’चे दिग्दर्शक आशिष बेंडे यांची ही मालिका निवृत्त पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या इंग्रजी आठवणींवर आधारलेली आहे. चर्चेच्या अखेरीस एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग ते दोघं सुटले कसे?” तिच्या प्रश्नात आश्चर्य होते आणि थोडी चीडही होती. ‘सुटले कसे’ या शब्दप्रयोगात ते सुटायला नको होते हे गृहीतच आहे. न्यायालयाचा निकाल तिला कथेतली चूक वाटत होती. हे गृहीतक तिच्या मनात कोणी घातले, आणि कोणत्या साधनांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खटल्याची स्थूल रूपरेषा. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत येथे एकामागून एक खून झाले. बळी बहुतांशी लहान मुली आणि स्त्रिया होत्या. स्थानिक पोलिसांना उलगडा होईना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठविण्यात आले. फिर्यादी पक्षाची कथा अशी : गावातील वजनदार गृहस्थ उत्तमराव बारहाते आणि त्यांच्यासोबत राहणारी पारधी समाजातील रुक्मिणी या दोघांसाठी, गुप्तधनाच्या आणि अपत्यप्राप्तीच्या लोभाने, हे नरबळी देण्यात आले. खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला, उच्च न्यायालयात गेला आणि ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोहोचला. हा निकाल न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला आहे. माफीच्या साक्षीदाराच्या साक्षीला किती वजन द्यावे या मुद्द्यासाठी कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. अखेरीस प्रत्यक्ष हत्यांबद्दल काही आरोपींची फाशी कायम राहिली. परंतु ज्यांच्यासाठी म्हणून हे सारे घडले असा आरोप होता, ते उत्तमराव आणि रुक्मिणी दोषमुक्त झाले.

या अंतिम स्थितीचा कथनाच्या दृष्टीने अर्थ काय? हात कोणाचे, हे कायद्याच्या लेखी ठरले. ते हात कोणाच्या इच्छेने चालले, हे ठरले नाही. म्हणजे या प्रकरणाचा जो भाग कथा म्हणून सर्वांत आकर्षक आहे, मुंजा, हंडा, वांझपण, वाड्यातील मनीषा, नेमका तोच भाग अद्याप ‘म्हणे’च्या कक्षेत आहे.

‘म्हणे’ हे व्याकरणदृष्ट्या ‘म्हणणे’ या क्रियापदाचे गोठून अव्यय झालेले रूप. त्याचे कार्य मात्र साधे नाही. ‘त्याने खून केला असेल’ या वाक्यात बोलणारा स्वतः तर्क करतो. ‘त्याने खून केला म्हणे’ या वाक्यात तो तर्क करीत नाही आणि ग्वाहीही देत नाही. विधान दुसऱ्याचे आहे, ते मी तुमच्यापर्यंत आणले, एवढेच तो सांगतो. विधान पुढे जाते, पण त्याच्या सत्यतेचा भार मधल्या निवेदकाने उचललेला नसतो. या शब्दाला अफवेचे वाहन समजणे बरोबर नाही. अफवा पसरते ती ‘म्हणे’ गळून पडल्यावर. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी ऐकीव काय आणि पाहिलेले काय, याची सीमारेषा तिच्या वाक्यरचनेतच आखलेली होती.

न्यायालय हे एका अर्थी ‘म्हणे’ची छाननी करणारे स्थान आहे. त्या वेळी लागू असलेला १८७२ चा भारतीय पुरावा कायदा ऐकीव साक्ष सामान्यतः नाकारीत असे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब तो आरोपीविरुद्ध वापरू देत नसे. आणि माफीच्या साक्षीदाराबाबत त्याची भूमिका मोठी चमत्कारिक होती : कलम १३३ सांगे, की केवळ अशा साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदा ठरत नाही, कलम ११४ चे उदाहरण सांगे, की अशा माणसावर अन्य पुराव्याच्या आधाराविना विश्वास ठेवू नये असे न्यायालयाने मानावे. माफीचा साक्षीदार ‘म्हणे’ म्हणत नाही, तो ‘मी पाहिले’ म्हणतो. पण असे म्हणण्याच्या मोबदल्यात त्याचा जीव वाचलेला असतो. म्हणून कायदा त्याच्या प्रथमपुरुषी वाक्यापुढे एक अदृश्य ‘म्हणे’ जोडतो आणि दुजोरा मागतो. मानवतच्या खटल्यातील कटाचा धागा बव्हंशी अशा साक्षींवर लोंबकळत होता. वर्गातील ‘सुटले कसे’ या प्रश्नाचे उत्तर खरे तर येथे आहे.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली गुप्तहेरकथेच्या प्रकारांवर लिहिताना तिच्यात दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची, जी आपल्यासमोर येण्यापूर्वीच संपलेली असते, आणि दुसरी तपासाची, जी पहिलीला हळूहळू उघड करते. पहिली पूर्ण उलगडली, की दुसरीचे प्रयोजन संपते. सत्य घटनेवरील नाट्यात मात्र तिसरीही एक कथा असते : न्यायनिवाड्याची. ती तपासाची पुष्टी करीलच असे नाही. ती तपासकथेला अर्धवट मान्य करते, किंवा ‘शक्य आहे, पण सिद्ध नाही’ असे उत्तर देते, आणि या उत्तराला गुप्तहेरकथेच्या घाटात ठेवण्याजोगी जागाच नसते. ‘मानवत मर्डर्स’चा घाट तपासाचा आहे. तपास पूर्ण झाला की प्रेक्षकाची भूक भागते. मग निकाल हा स्वभावतःच उपसंहार ठरतो. उपसंहाराने मुख्य कथेला खोटे पाडायचे नसते, असा प्रेक्षकाचा आणि कथेचा जुना करार आहे.

आधारग्रंथाचे स्वरूपही याला पूरक आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी हा मराठी वाचकाच्या आवडीचा वाङ्मयप्रकार. त्याची समीक्षा मात्र आपल्याकडे झालेली नाही. या लेखनात निवेदक स्वतः तपासकर्ता असतो. त्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग कायद्याला ऐकण्याची मुभाच नसते. आणि जे न्यायालयात सांगता आले नाही ते सांगण्याची जागा म्हणजे आठवणी. यात गैर काही नाही. कुलकर्णी यांच्यासारख्या, ज्यांच्या कर्तबगारीविषयी दुमत नाही अशा अधिकाऱ्याच्या खात्रीला तिचे मोल आहेच. पण ती एका माणसाची खात्री आहे, आणि पुस्तकात ती तशीच येते : ‘मी’ या सर्वनामासकट. वाचकाला त्या ‘मी’शी वाद घालता येतो. पुस्तकाची मालिका होते तेव्हा नेमके हे सर्वनाम हरवते. आशुतोष गोवारीकर यांनी रंगविलेला रमाकांत पडद्यावर येतो तो त्या कथेतील एक पात्र होऊन. ती कथा कोणाची, याची खूण मात्र पुसली जाते. त्याने ज्याविषयी नुसता निष्कर्ष काढला तेही आपण प्रत्यक्ष ‘पाहतो’, आणि पाहिलेल्या गोष्टीविषयी शंका घेण्याची सवय आपल्या डोळ्यांना नाही. (गोवारीकर यांची निवडही अर्थपूर्ण आहे. ‘स्वदेस’च्या दिग्दर्शकाला बाहेरून गावात आलेल्या, शिकलेल्या, सुस्वभावी पुरुषाच्या रूपात पाहताना प्रेक्षक आपली नजर त्याच्या स्वाधीन करायला आधीपासूनच तयार असतो.)

प्रतिमेला ‘म्हणे’ म्हणता येत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. तो या मालिकेपुरता नाही, माध्यमाविषयीचा आहे. आणि म्हणूनच मालिकाकर्त्यांनी त्याचा विचार अधिक करावयास हवा होता. चालू क्षणाचे दृश्य, आठवणीतले दृश्य, कोणी रचून सांगितलेले दृश्य, तिन्ही पडद्यावर सारख्याच ठामपणे उजळतात. हिचकॉकने १९५० साली ‘स्टेज फ्राइट’मध्ये खोट्या जबानीचे दृश्य सुरुवातीलाच दाखवले, तर प्रेक्षकांना फसवल्यासारखे वाटले. त्याच वर्षी कुरोसावाने ‘राशोमोन’मध्ये एकाच घटनेच्या परस्परविरोधी जबान्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. कॅमेऱ्याच्या भाषेत ‘म्हणे’ हा शब्द नसला, तरी एका प्रतिमेशेजारी तिला नाकारणारी दुसरी प्रतिमा ठेवली, की दोहोंमधल्या फटीत तो ऐकू येतो. मानवतच्या खटल्यात परस्परविरोधी कथनांची वाण नव्हती. आरोपींचे म्हणणे होते, माफीच्या साक्षीदारांचे होते, एका न्यायालयाचे आणि त्याहून वेगळे दुसऱ्याचे होते. मालिकेने मात्र तपासाचेच म्हणणे निवडले.

याच प्रकरणावर पहिला चित्रपट निघाला तो घटनेनंतर काही वर्षांतच : अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’ (१९८१). पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर याच दशकात नेहरू शिष्यवृत्तीच्या निमित्ताने समाजातील हिंसेचा माग काढीत हिंडले होते. ‘आक्रीत’मध्ये नावे बदललेली आहेत; उत्तमरावांचा मुकुटराव होतो, रुक्मिणीची रुही होते. वरवर पाहता ही कायदेशीर खबरदारी वाटते, पण वाङ्मयीन दृष्टीने नाव बदलणे ही स्वतंत्र कृती आहे. जे आम्ही दाखवतो ते मानवतचे वृत्त नव्हे, त्या घटनेतून आम्ही रचलेले काही आहे, अशी ती कबुली असते. मुकुटराव दोषी आहे की नाही हा प्रश्न त्या चित्रपटाच्या बाहेर कोणालाच लागू पडत नाही. म्हणून तेंडुलकरांना सत्ता, वासना आणि भीती यांचे आपले निदान मनमोकळेपणाने मांडता आले. ते निदान मला पुरते पटत नाही : रुहीच्या जातीचे वेगळेपण तेथे भयाच्या रंगाने थोडे जास्त रंगले आहे. परंतु त्या निदानाची जबाबदारी लेखक-दिग्दर्शकांनी स्वतःच्या नावावर घेतली आहे, हे नाकारता येत नाही.

२०२४ च्या मालिकेत खरी नावे परत आली. मकरंद अनासपुरे यांचा उत्तमराव, सोनाली कुलकर्णी यांची रुक्मिणी, सई ताम्हणकर यांची समिंद्री. अभिनयाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. विनोदी भूमिकांशी ज्यांचा चेहरा जोडला गेला आहे त्या अनासपुरे यांना या भूमिकेत पाहताना ओळखीच्या माणसाचीच भीती वाटू लागते, हे त्यांचे यश. मराठवाडी वळणाची बोली विनोदासाठी न वापरता भयासाठी वापरली जाते, हेही मराठी पडद्यावर क्वचितच घडले आहे. पण अभिनय जितका अस्सल, तितका माझा प्रश्न तीव्र होतो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ज्यांच्यावरील आरोप टिकला नाही, त्यांचेच नाव धारण केलेली व्यक्ती पडद्यावर तेच कृत्य करवून घेताना दिसते. कायद्याने सुटलेल्या माणसाला कथेतून सुटण्याचा मार्ग कोणता? खुनाच्या खटल्यात निर्दोष ठरलेल्याचे नाव आणि गुन्ह्याची प्रतिमा यांची एकदा गाठ पडली, की ती सोडवणारे अपिलाचे स्थान नाही.

याच अधिकाऱ्याशी निगडित असलेले दुसरे चित्ररूप तुलनेसाठी घेता येईल. १९६८ साली मुंबईत पकडला गेलेला रमण राघव हेही कुलकर्णी यांच्याच कारकिर्दीतले प्रकरण. त्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन ‘रमण राघव : अ सिटी, अ किलर’ हा दूरचित्रवाणीच्या घाटाचा, माहितीपट आणि नाट्य यांच्या सीमेवरचा छोटा चित्रपट केला. त्यात भर आहे तो बोलण्यावर : चौकशीच्या खोलीत बसलेला एक माणूस, आणि त्याचे न संपणारे, विस्कटलेले, मधूनच भयंकर तर्कशुद्ध वाटणारे बोलणे. माणसाला बोलताना दाखवले, की त्याने सांगितलेली गोष्ट आपोआप ‘त्याने सांगितलेली’ राहते. त्यात पुन्हा राघव दोषी ठरला होता, मानसिक विकाराच्या कारणाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली होती, आणि चित्रपट निघाला तेव्हा तो हयात होता. तेथे प्रश्न ‘कोणी केले’ हा उरलाच नव्हता. तो ‘हे मन कसले’ असा होता. साधने तुटपुंजी असूनही तो छोटा चित्रपट आपल्या अज्ञानाशी प्रामाणिक राहतो. २०१६ साली अनुराग कश्यप यांनी ‘रमण राघव २.०’मध्ये मूळ प्रकरण बाजूला सारून केवळ नावाची सावली उचलली. तोही एक प्रामाणिक मार्गच.

आता रुक्मिणीच्या जातीचा मुद्दा. तो मी शेवटी घेतो आहे, पण तो गौण म्हणून नव्हे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतले पारधी. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का गेला नाही. धाराशिव जिल्ह्यात कुठे चोरी झाली, की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. त्या शाळेतल्या मुलाने ही मालिका पाहिली तर पारधी स्त्रीच्या चित्रात त्याला स्वतःची आजी दिसेल की पोलिसांनी रंगवलेली आजी, हा प्रश्न भावनिक वाटला तरी वाङ्मयीन आहे. तो निवेदनकेंद्राचा प्रश्न आहे : ही गोष्ट कोणत्या उंबरठ्यावरून सांगितली जाते?

त्याचे उत्तर शोधताना एका ग्रंथाचे स्मरण होते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) ज्या धनेगावच्या परिसरात घडते, तो भाग त्या आत्मकथनातील बालपणाच्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होता, लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. म्हणजे ‘उचल्या’ आणि मानवतचा तपास हे एकाच मराठवाड्यातले, आणि काळानेही फारसे दूर नसलेले. ‘उचल्या’त पोलीस येतात ते झडतीसाठी आणि मारण्यासाठी, ‘तपास’ या शब्दाचा अर्थ तेथे शरीराला कळतो. कबुलीजबाब कसा तयार होतो याविषयी पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींतून जे कळत नाही ते येथे कळते. मानवतच्या तपासात असेच घडले असे मी सुचवीत नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी आधार नाही. मुद्दा एवढाच, की मराठवाड्यातील पोलीस ठाण्याची दोन वर्णने मराठी वाचकापाशी आहेत, एक खुर्चीवरून केलेले, दुसरे फरशीवरून. ज्याने दोन्ही वाचली आहेत, त्याला एकाच वर्णनावर उभारलेली प्रतिमा अपुरी वाटणारच.

मिशेल फूको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३५ च्या पिएर रिव्हिएर या शेतकऱ्याच्या खून-खटल्याची कागदपत्रे १९७३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा खुन्याचे स्वतःचे निवेदन, डॉक्टरांचे अहवाल आणि न्यायालयीन कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, आणि त्या निवेदनावर अर्थाचा अंतिम शिक्का मारण्याचे टाळले. पुढे रने आलिओ यांनी त्यावर चित्रपट केला (१९७६), तो नॉर्मंडीच्या त्याच परिसरातल्या शेतकऱ्यांना भूमिका देऊन. मानवतच्या बाबतीत असे काही करता येणार नाही असे नाही. निकालपत्र उपलब्ध आहे, आठवणी उपलब्ध आहेत. ही दोन निवेदने एकमेकांसमोर उभी करण्यात नाट्य कमी पडले असते असे मला वाटत नाही. कदाचित आठ भागही पुरले नसते.

मुंजा तर आता सर्वत्र झाला आहे. त्याच २०२४ साली ‘मुंज्या’ हा हिंदी भयविनोदी चित्रपट गाजला, आणि विद्यार्थ्यांच्या चर्चेत पिंपळावरचे दोन्ही मुंजे एकमेकांत मिसळून गेले. एकाचा संबंध कोकणातल्या कथेशी, दुसऱ्याचा खऱ्या प्रेतांशी, हा भेद वर्गात मला दोनदा सांगावा लागला.

त्या विद्यार्थिनीला मी निकालपत्र वाचायला दिले. इंग्रजी जड आहे, पण तिने चिकाटीने वाचले. परत देताना ती म्हणाली, की यात सगळेच ‘असे म्हणतात, तसे म्हणतात’ चालले आहे, ठाम असे काहीच नाही. मग थोडे थांबून म्हणाली, “नाही, एक आहे. कोण कोण मेलं, ते.” तेव्हा मला आजीच्या कथनातले शेवटचे वाक्य आठवले. हंडा, मुंजा, वाडा, बाई, सगळ्यांना ‘म्हणे’ लावून झाल्यावर ती चुलीतले लाकूड मागे ओढीत असे आणि तो शब्द न लावता म्हणत असे, “पोरी गेल्या.”